चिंतेवरची गोळी : द्यायला क्षण, सांभाळायला रात्र

नालासोपाऱ्यातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात हे सहज घडू शकतं. मुलाला कामाच्या ताणाने झोप लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला अल्प्राझोलामची लहानशी गोळी लिहून दिलेली असते. ती घेतली की तो रात्रभर झोपतो आणि सकाळी उठून लोकल पकडतो. एका रात्री आईचा जीव घाबरा होतो. मुलगा काळजीपोटी आपल्याच पट्टीतली एक गोळी तिला देतो. आईला छान झोप लागते, पण पहाटे लघवीला उठल्यावर तिचा तोल जातो, मोरीच्या उंबऱ्यापाशी ती पडते आणि खुब्याचं हाड मोडतं.

गोळी तीच होती आणि मात्राही तेवढीच. एकाला जिने झोप दिली, तिनेच दुसऱ्याला पाडलं. असं का व्हावं?

ते औषध मेंदूत काय करतं, शरीरात किती वेळ टिकतं आणि तिथे आधीपासून आणखी काय आहे, यात याचं उत्तर आहे. रुग्णालयात या गोष्टींचा हिशोब सिस्टर ठेवतात. वसई गावातलं महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय असो, बंगलीचं कार्डिनल ग्रेशिअस असो किंवा विरारच्या गल्लीतलं छोटं नर्सिंग होम, हा हिशोब सगळीकडे सारखाच आहे. घरातल्या माणसांनीही तो समजून घ्यायला हवा, कारण डिस्चार्ज मिळाला की ती जबाबदारी त्यांच्याकडे येते.

मेंदूतलं दार

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात. काही निरोप ‘चालू हो’ असे असतात, तर काही ‘थांब’ असे. थांबवण्याचं काम मुख्यतः गाबा नावाचं रसायन करतं. पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. गाबा दाराशी येऊन ढकलतो, दार उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी शांत होते.

अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही सगळी औषधं बेन्झोडायझेपिन या एकाच कुळातली. पावसाळ्यात गच्च झालेल्या दाराच्या बिजागरीत तेल सोडावं, तसं त्यांचं काम असतं. ढकलणारा हात गाबाचाच आणि त्याचा जोरही तेवढाच, पण आता दार सहज आणि वारंवार उघडतं. तेल आपण होऊन दार उघडत नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

यापूर्वी झोपेसाठी आणि चिंतेसाठी बार्बिच्युरेट गटातली औषधं दिली जात. जास्त मात्रेत ती गाबाची वाटही न पाहता दार उघडं ठेवत आणि त्याने श्वास थांबून माणसं दगावत. अमेरिकेतल्या नटली इथे रोश कंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी तयार केलेलं क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने बाजारात आलं. १९६३ मध्ये डायझेपाम ‘व्हॅलियम’ म्हणून आलं. जुन्या औषधांच्या मानाने ही कितीतरी सुरक्षित होती, म्हणून जगभर झपाट्याने पसरली.

तरी एक अडचण उरतेच. ही दारं फक्त भीती जागवणाऱ्या भागात नसतात. तोल सांभाळणारा भाग, आठवण साठवणारा भाग, स्नायूंचा ताण, श्वासाची जाग, सगळीकडे ती आहेत आणि तेल सगळ्याच बिजागऱ्यांत जातं. भीती कमी होते तेव्हा पायाची पकड, नजरेची चपळाई आणि श्वासाची सावधगिरीही थोडी कमी होते. तरुण, धडधाकट माणसाला ही घट जाणवत नाही, पण आईला ती जाणवली.

कुळ एक, मुदत वेगळी

शरीरातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. शस्त्रक्रियेआधी किंवा तपासणीच्या वेळी सुईतून देतात ते मिडाझोलाम साधारण दोन-अडीच तासांत निम्मं होतं. अल्प्राझोलामला सुमारे ११ तास लागतात, लोराझेपामला १० ते २० आणि क्लोनाझेपामला ३० ते ४०. डायझेपामला एक ते दोन दिवस लागतात आणि त्यातून यकृतात तयार होणारा पदार्थ त्याहूनही जास्त काळ काम करत राहतो.

वय वाढलं की यकृत सावकाश काम करतं आणि शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपामसारखं औषध चरबीत मुरून बसतं आणि हळूहळू बाहेर पडतं. कालची गोळी अजून शरीरात असते आणि त्यावर आजची पडते. म्हणून आजोबा पहिल्या दिवशी ठीक वाटतात, पण चौथ्या दिवशी जीभ जड होते, पाय लटपटतात, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं म्हातारपण वाढलं किंवा विसरभोळेपणा आला. खरं तर औषध साचलेलं असतं. म्हणूनच वयस्कर माणसांना ही औषधं शक्यतो टाळतात आणि द्यावीच लागली तर कमीत कमी मात्रेपासून सुरुवात करतात. यकृताचा आजार असेल तर डॉक्टर बऱ्याचदा लोराझेपाम निवडतात, कारण त्याची विल्हेवाट एका सोप्या टप्प्यात लागते.

आधीच चालू असलेली औषधं ही मुदत बदलू शकतात. दमट हवेत नायटा फार पसरतो आणि त्यावर इट्राकोनाझोलच्या गोळ्या अनेकजण घेतात. या गोळ्या यकृतातलं अल्प्राझोलाम मोडण्याचं काम अडवतात आणि एका गोळीचा असर कितीतरी वाढतो. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे उलटं होतं. ते यकृताचं काम वाढवतं आणि अल्प्राझोलाम लागूच पडत नाही असं वाटतं. पुढे क्षयाचा कोर्स संपून रिफाम्पिसिन थांबलं की तीच मात्रा जड होऊ लागते. म्हणून ‘दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ या सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पट्ट्यांची अख्खी पिशवीच सोबत आणावी.

आधी पाहायचं : ही खरंच चिंता आहे का?

रात्री दोन वाजता वॉर्डातले काका अंथरुणात उठून बसतात, सलाइन ओढतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणून ओरडतात. नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, यांना काहीतरी देऊन झोपवा.’ केस पेपरवर ‘गरज पडल्यास लोराझेपाम’ असं लिहिलेलंही असतं. नर्सिंगचं खरं कसब इथे लागतं.

बेचैनी हे अनेक आजारांचं एकच दिसणारं रूप आहे. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की माणूस बेचैन होतो. साखर उतरली, लघवी तुंबली, ताप चढला, वेदना असह्य झाली, डोक्याला मार लागून आत रक्त साचलं, तरीही तो असाच वागतो. ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाची बेचैनी ही त्याच्या शरीराने मारलेली हाक असते. झोपेचं औषध देऊन ती हाक दाबली, तर तो शांत दिसेल आणि आतून बिघडत जाईल.

म्हणून आधी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, साखर पाहायची, नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, ओटीपोटावर हात ठेवून लघवी तुंबली आहे का ते बघायचं. कारण सापडलं तर उपाय त्या कारणावर करायचा. काही सापडलं नाही, तरी आधी दिवा मंद करणं, ओळखीच्या माणसाला जवळ बसवणं, ‘काका, तुम्ही दवाखान्यात आहात, मी इथेच आहे’ असं सावकाश सांगणं करून पाहायचं. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

कुणाला विशेष जपायचं

दमा किंवा जुनाट श्वसनविकार असलेले, झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकणारे, स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असलेले, काचबिंदूचा तीव्र प्रकार असलेले, यकृताचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, सत्तरीपुढची माणसं, या सगळ्यांची डॉक्टरांना आठवण करून द्यायची. आईने प्रसूतीच्या आसपास हे औषध घेतलेलं असेल, तर बाळ ढिलं पडू शकतं आणि नीट ओढून पीत नाही.

दारूबद्दल स्पष्ट विचारायला हवं. पालघर जिल्ह्यात ताडी-माडी रोजच्या जगण्यातली असते आणि अनेकांच्या लेखी ती दारूत मोजलीच जात नाही. म्हणून ‘दारू घेता का?’ एवढं पुरत नाही. ‘ताडी, माडी, बिअर, काही? शेवटची कधी घेतली?’ असं विचारावं लागतं. दारू मेंदूतल्या त्याच दाराला ढकलते. बिजागरीत तेल आणि वर दुसऱ्या हाताचा जोर, असं झालं की श्वास मंदावतो. अफूच्या कुळातली वेदनाशामकं, म्हणजे मॉर्फिन, ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही वेगळ्या वाटेने जातात, पण त्यांचाही भार श्वासावरच पडतो. एकटं बेन्झोडायझेपिन निरोगी माणसाचा श्वास सहसा थांबवत नाही. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की तो थांबू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेन्झोडायझेपिन आणि अफूच्या कुळातली वेदनाशामकं या दोन्ही गटांच्या औषधांवर, ती एकत्र घेण्याविरुद्धचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

यात एक उलटी बाजूही आहे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की त्याला थरथर, भास, फिट येऊ शकते आणि तेव्हा हीच औषधं जीव वाचवतात. म्हणून खरं सांगणाऱ्या पेशंटला ओशाळं वाटेल असं काही बोलायचं नाही. त्याचं खरं उत्तर हाच त्याच्या उपचाराचा पाया असतो.

हातात औषध घेतल्यावर

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच मुद्दे प्रत्येक सिस्टर पाठ म्हणून दाखवेल. या औषधांत मात्रेला जास्त धोका असतो. गोळ्या पाव, अर्ध्या, एक, दोन मिलिग्रॅमच्या असतात. दशांशचिन्हाच्या आधी शून्य लिहिलं नाही आणि ते टिंब पुसट झालं, की अर्ध्याचे पाच होतात. लोराझेपाम आणि क्लोनाझेपाम ही नावंही घाईत सारखीच ऐकू येतात. म्हणून फोनवर सांगितलेला डोस लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा आणि शंका असेल तर विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही.

गोळी पेशंटने गिळल्याची खात्री करायची. काहीजण ती गालात धरतात आणि साठवून ठेवतात.

सुईचं औषध असेल तर घाई हाच मोठा शत्रू. शिरेतून द्यायचं लोराझेपाम तेवढ्याच प्रमाणात पातळ करून मिनिटाला २ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत. मोठ्या माणसाला शिरेतून डायझेपाम मिनिटाला ५ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत, तेही मोठ्या शिरेतून. ते सलाइनमध्ये मिसळलं तर गढूळ होऊन खाली बसू शकतं, शिवाय काही प्लॅस्टिकच्या नळ्यांना चिकटतं. दंडात किंवा कुल्ल्यात दिलेलं डायझेपाम केव्हा आणि किती लागू होईल याचा भरवसा नसतो. लोराझेपाम त्या मार्गाने बरंच खात्रीने लागू पडतं. लोराझेपामचे अँप्युल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवायचे. वीज वारंवार जाणाऱ्या भागातल्या छोट्या दवाखान्यांना फ्रिजच्या तापमानाची नोंद रोज तपासावी लागते. सुई टोचण्याआधी ऑक्सिजन, सक्शन आणि श्वास देण्याची अँब्यू बॅग हाताशी हवी. प्रसंग ओढवल्यावर ती शोधायला वेळ मिळत नाही.

आता खरी ड्युटी सुरू होते

शिरेतून दिलेलं औषध मिनिटांत लागू होतं. गिळलेल्या लोराझेपामचा जोर मात्र साधारण दोन तासांनी शिगेला पोचतो. पंधरा मिनिटांनी डोकावून ‘ठीक आहे’ म्हणणं म्हणून पुरत नाही.

यातलं सर्वांत मोलाचं काम अगदी साधं आहे : श्वास मोजणं. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजला जातोय, तर तो नकळत बदलतो. म्हणून अनुभवी सिस्टर मनगट हातात धरून नाडी पाहत असल्यासारखं करतात आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवतात. घड्याळाचा सेकंद काटा पाहत पूर्ण एक मिनिट, कारण पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर मधले थांबे निसटतात. जाग्या, निवांत मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. १२च्या खाली जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवायचं आणि १०च्या खाली आला तर धावपळ करायची. घशात घरघर, लांबलेले थांबे, निळसर ओठ या खुणा आकड्याची वाट पाहत नाहीत.

ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवताना एक सापळा लक्षात ठेवायचा. पेशंटला नळीने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावल्यावरही बोटावरचा आकडा बराच वेळ ९८ दिसू शकतो. दरम्यान कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. तो आकडा पडेपर्यंत उशीर झालेला असतो. सिस्टरची नजर त्याआधी पोचते.

दुसरी तपासणी शुद्धीची. हाक मारल्यावर डोळे उघडून उत्तर देतो का? फक्त कण्हतो का? चिमटा काढल्यावरच हलतो का? झोपलेला माणूस आणि शुद्ध हरपत चाललेला माणूस लांबून सारखेच दिसतात, म्हणून हाक मारलीच पाहिजे.

तिसरी काळजी पडण्याची. औषध देण्याआधीच बाथरूमला नेऊन आणायचं. पलंग खाली घ्यायचा, बेल हाताशी ठेवायची, पायाशी मंद दिवा, ओली फरशी पुसून कोरडी. ‘आजी, उठायचं असेल तर मला हाक मारा, एकट्या उठू नका’ हे सांगून, त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचं, कारण या औषधाने ऐकलेलं विसरायला होतं. उठवताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवायचं, मग उभं करायचं.

काही वृद्ध आणि लहान मुलं शांत व्हायच्या ऐवजी जास्तच चिडतात, रडतात, मारायला उठतात. औषधाचा हा उलटा परिणाम आहे. डोस कमी पडला असं समजून आणखी देणं धोक्याचं ठरतं. डॉक्टरांना कळवायचं आणि नोंदीत ठळक लिहायचं, म्हणजे पुढच्या पाळीत ती चूक होणार नाही.

चौकट : एका नजरेत

* देण्यापूर्वी : ऑक्सिजन, साखर, लघवी, वेदना पाहा. दारू-ताडी, इतर गोळ्या, घोरणं, गरोदरपण विचारा.
* देताना : मात्रा परत वाचून खात्री करा. सुई सावकाश. श्वासाची साधनं हाताशी.
* दिल्यानंतर : पूर्ण मिनिट श्वास मोजा. हाक मारून जाग तपासा. एकट्याने उठू देऊ नका.
* लिहिताना : वेळ, मात्रा, देण्याचं कारण आणि तासा-दोन तासांनी काय फरक पडला.
* घरी : गाडी, यंत्र, दारू बंद. आपली गोळी दुसऱ्याला नाही. आपण होऊन बंद करणं नाही.

उतारा आहे, पण सरसकट नाही

या कुळावर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे. तो त्याच दाराशी बसून बिजागरीतलं तेल निष्प्रभ करतो. मात्र त्याचा जोर साधारण तासाभरात ओसरतो आणि डायझेपाम त्यानंतरही शरीरात असतं. शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून उतारा दिल्यावर पहारा अधिक कडक हवा. महिनोनमहिने गोळ्या घेणाऱ्याला तो दिला तर फिट येऊ शकते. श्वासमार्ग मोकळा ठेवणं, ऑक्सिजन देणं आणि गरज पडली तर बॅगने श्वास देणं हाच पहिला उपचार राहतो.

घरी जाताना

वसई-विरारमध्ये घरी जाणं हे सगळ्यांसाठी सारखं नसतं. वालीव-सातिवलीच्या कारखान्यांतला कामगार दुसऱ्या दिवशी यंत्रावर उभा राहणार असतो. कुणी महामार्गावर टेम्पो चालवतो, कुणी विरार लोकलच्या दारात उभा राहून प्रवास करतो. अर्नाळा किल्ल्यावर राहणाऱ्याला होडीशिवाय दवाखान्यात येता येत नाही. म्हणून डिस्चार्ज देताना ‘गोळी रात्री घ्या’ एवढं सांगून सोडू नये. काम कोणतं, घरी रात्री सोबत कोण, दवाखाना किती लांब, हे विचारूनच सूचना द्यायच्या. माणूस उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर १०८ला फोन करायचा आणि त्याला कुशीवर वळवून ठेवायचं.

ही औषधं बहुधा दोन ते चार आठवड्यांपुरती असतात. दीर्घकाळच्या चिंतेवर डॉक्टर बऱ्याचदा दुसऱ्या गटाची गोळी आणि समुपदेशन देतात. त्या गोळीला लागू पडायला काही आठवडे लागतात आणि तोवर या औषधाचा आधार असतो. रोज तेल मिळत राहिलं की मेंदू त्यावर विसंबतो आणि आपली दारं हळूहळू घट्ट करून घेतो. मग तीच मात्रा अपुरी वाटते. अशात गोळी एकदम तोडली तर झोप उडते, हात थरथरतात, भीती पहिल्यापेक्षा वाढते आणि फिटही येऊ शकते. कधी गोळी नाइलाजानेही तुटते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं आणि लोकल बंद पडल्या. अशा दिवसांत गोळ्या संपल्या तर मेडिकलपर्यंत पोचणंही अवघड होतं. पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना भेटून पुढच्या चिठ्ठीची सोय करून ठेवावी. गोळी थांबवायची असेल तर डॉक्टर ती आठवड्याआठवड्याने थोडी थोडी उतरवत आणतात.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. मेडिकलवाल्याला चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि डॉक्टर, पेशंट, औषध, मात्रा यांची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. ओळखीच्या दुकानदाराकडे ‘पूर्वीचीच द्या’ असा आग्रह धरून आपण त्याला अडचणीत आणतो आणि स्वतःला धोक्यात. चिंता सोसवेना, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

या औषधांची भीती बाळगायची गरज नाही. फिट थांबवणं, शस्त्रक्रियेची धास्ती कमी करणं, दारू सोडणाऱ्याला सावरणं ही कामं ती उत्तम करतात. ती सुरक्षित राहतात ती त्यांच्यामागे जागणाऱ्या माणसांमुळे. एका वॉर्डात एकाच सिस्टरवर रात्रीचे तीस-चाळीस पेशंट सोपवले, तर पूर्ण मिनिट श्वास मोजायला तिला मिनिट उरत नाही. रुग्णालय निवडताना आपण खाटा आणि यंत्रं पाहतो. ‘रात्री किती सिस्टर असतात?’ हेही विचारायला शिकू या.